सोनकी घाटराखी : पात्राचं घराणं जमत नाहीये, मदत करा

पाटचारी
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र आणि एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) दर शनिवारी रात्री धुळ्यात मामेभावाच्या कृषी केंद्राच्या माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. खाली युरियाची पोती, वर आम्ही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला खेळ. डीएम जग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्यात वावरतात, आणि जमेल की नाही अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. हरणं-जिंकणं असं काही नाही. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो.

यंदा डीएमने जग आपल्याच मुलखावर बेतलंय. पश्चिमेला वाहणारी मोठी नदी, उत्तरेला सात घड्यांचा डोंगर, डोंगरात वनी लोक (म्हणजे एल्फ), खाली काळ्या मातीतली गावं. माझं पात्र सोनकी. अर्धी वनी, रेंजर (म्हणजे रानात वावरणारी लढवय्यी), पहिली पातळी. चपळाई १५, शहाणपण १४, करिष्मा ८. म्हणजे बाण नेमका मारते, पण तोंड उघडलं की भांडण.

तिची पार्श्वभूमी मी तीन पानं लिहिली. गाव जळालं, आईबाप गेले, भाऊ गेला, एकटी उरली, आता सूड. डीएमने कागद परत दिला. वर लाल पेनने लिहिलेलं : "पाच पात्रं, दहा आईबाप, त्यातले नऊ मेलेले. दहावा कोणाचा आहे त्याने जपून ठेवा." आता म्हणतो, जिवंत घर घेऊन ये.

आतापर्यंत एवढंच सुचलंय : घराणं घाटराखं. सात पिढ्या एकाच घाटाची राखण. व्यापाऱ्यांचे तांडे खालून वर जातात, त्यांच्याकडून राखणीचे पैसे घ्यायचे. बाप नाईक, पूर्वी लुटारू. आत्या डाकीण, तिच्याकडून सोनकीला थोडी विद्या मिळालेली. पुढे गाडी अडलीय.

निव्वळ वाचक
हे ल्युडोसारखं असतं का?

पाटचारी
फासा असतो. साम्य तिथेच संपतं.

मेहरूणची बोर
लाल पेनवाल्या डीएमला माझा नमस्कार सांगा. मी पुण्यात असताना खेळायचे, तिथेही हेच. सगळी पात्रं अनाथ, सगळ्यांच्या अंगावर काळी शाल, सगळे कोपऱ्यात बसून दारू पिणारे. कारण सरळ आहे, आईबाप मारून टाकले की डीएमच्या हातात आपलं काही उरत नाही. कोणी ओलीस धरायला नको, कोणाची काळजी नको. आणि मग सहाव्या आठवड्याला खेळणारा म्हणतो, माझ्या पात्राला काही करावंसंच वाटत नाहीये!

खान्देशात आईबाप मरत नाहीत हो, अबोला धरतात. बांधावरून, लग्नातल्या आहेरावरून, पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरून. सोनकीचा बाप जिवंत ठेवा आणि दोन वर्षं बोलत नाही असं करा. सूडापेक्षा जास्त खेळायला मिळेल.

गिरणाकाठ
पाटचारी, "सात पिढ्या" लिहिलंत, पण सात नावं कुठे आहेत? घराणं कसं लिहावं याचा नमुना आपल्याच खान्देशात आठशे वर्षांपासून दगडात कोरून ठेवलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याच्या दानाचा हा लेख, इ.स. १२०७चा. त्यात वंशावळ अशी आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चंगदेव.

आता खेळणाऱ्याच्या नजरेने बघा. नऊ नावं आहेत, पण कोणाचंही चरित्र नाही. त्रिविक्रम कविचक्रवर्ती होता. त्याच्या मुलाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. लक्ष्मीधराला तर जैत्रपाल राजा याच गावातून आपल्याकडे घेऊन गेला. चंगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. काहींच्या वाट्याला नुसतं विशेषण. एकेकाला एक ओळ, फार तर दीड. आणि मग लेख एकदम व्यवहारावर येतो, शेवटी तर संस्कृत सोडून मराठीत : बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं कोणतं येणं मठाला द्यायचं, ते. म्हणजे आजोबांचं नाव आणि बाजारातला कर एकाच दगडावर. मला तो लेख आवडतो तो यासाठीच. कुळाची कीर्ती सांगून झाली की पैसे कुठून येणार ते सांगावं लागतं.

तुम्ही तेच करा. सात नावं, प्रत्येकाला एक ओळ, आणि शेवटी आज त्या घाटावर कोण कोणाला किती देणं लागतो ते. तीन पानं नकोत, पोस्टकार्डावर मावेल एवढं.

(अवांतर : या वंशावळीत एकही बाई नाही. तुमच्या सोनकीच्या घराण्यात ती चूक करू नका.)

केळीचं पान
पोस्टकार्ड म्हणजे काय काका 😄

डोंगरवाट
दोन गोष्टी बोलायच्या आहेत. थोडं कडू लागेल, पण धागा चांगला आहे म्हणूनच लिहितोय. मी अकरा वर्षं सातपुड्यात, धडगावच्या बाजूला नोकरी केली.

पहिली गोष्ट नाईकाची. "बाप नाईक, पूर्वी लुटारू" हे वाक्य तुम्ही एका दमात लिहिलंत, जणू दोन्ही एकच. भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांचं उदाहरण घ्या. शिरपूरहून सेंधव्याकडे जाणाऱ्या घाटाची राखण त्यांच्याकडे होती, इंग्रजांनीच पगार देऊन ठेवलेलं. पुढे एका संशयिताच्या मृत्यूवरून त्यांना शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ला ते उठावात उतरले, आणि एप्रिल १८५८मध्ये आंबापाणीची लढाई झाली. म्हणजे आधी राखणदार, मग कैदी, मग बंडखोर, आणि कागद लिहिणाऱ्याच्या लेखी शेवटी दरोडेखोर. माणूस एकच. तसंच १८२५ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा एकाच कुळातला एक जण डोंगरात आणि एक पलटणीत असं झालं असणारच. तुमच्या सोनकीच्या घरात ही फूट टाका. बापाला "पूर्वी लुटारू" म्हणणारा नेमका कोण, ते ठरवा. घाटाखालचा सावकार त्याला लुटारू म्हणत असेल, वरचे लोक राखणदार. हाच तुमचा खेळ आहे.

दुसरी गोष्ट आत्याची. डाकीण हा शब्द तुम्हाला जादूच्या यादीतला वाटतो. मी तो शब्द एका बाईच्या दाराबाहेर ऐकलाय. गावात दोन मुलं तापाने गेली होती, तिचा नवरा आधीच वारलेला, आणि तिच्या नावावर दीड एकर होतं. त्या रात्री ती आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून होती, पायात एकच चप्पल. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणं गुन्हा आहे, पण आळ घेणारे कायदा वाचून येत नाहीत. तुम्ही आत्याला खरोखरच डाकीण करून टाकलीत, म्हणजे तुमच्या जगात आळ घेणारे बरोबर ठरले.

केळीचं पान
डोंगरवाट दादा, पटतंय, पण शेवटी खेळच ना हा? ड्रॅगन पण खरे नसतात.

डोंगरवाट
ड्रॅगन म्हणून आजवर कोणाला गावाबाहेर काढलेलं नाही.

निव्वळ वाचक
ल्युडो नाही हे कळलं.

पाटचारी
डोंगरवाट दादा, खरं सांगू, वाचून आधी राग आला. जेवण झाल्यावर परत वाचलं. आत्या बदलली. आता ती जडीबुटी जाणणारी साधी बाई आहे, विद्या वगैरे काही नाही. तिच्यावर आळ आला आणि घाटराख्या भावाने, म्हणजे सोनकीच्या बापाने, गावाच्या बाजूने मान हलवली. राखणदाराला अख्खा घाट राखता आला, बहीण राखता आली नाही. सोनकी यावरूनच घर सोडून गेली. अबोल्याचं कारणही मिळालं, मेहरूणताईंचा सल्ला वाया गेला नाही.

आई खालच्या गावची करतोय. आमचे आजोबा पांझरेवरच्या एका बंधाऱ्याचे पाटकरी होते, ते तसंच उचललं. ज्यांना फड माहीत नाही त्यांना सांगतो : नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पाळीपाळीने बदलायचं. पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा ते गावाने मिळून ठरवायचं. पाटकऱ्याने पाणी फिरवायचं. आजोबा सांगायचे, पाटकऱ्याला मित्र नसतो. रात्री-अपरात्री कोणी ना कोणी दार वाजवून "माझ्याकडे घटकाभर जास्त सोडा" म्हणणारच, आणि सख्ख्या साडूलाही नाही म्हणायचं. तर सोनकीचे मामा पाटकरी. वर बाप वाट राखतो, खाली मामा पाणी राखतो, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा फुकट खातो.

आजोळ यावल
उशिरा आले. भाटाचं कोणीच कसं लिहिलं नाही?

माझ्या आजोळी काही वर्षांनी एकदा भाट यायचा. कापडात बांधलेली वही, लांबच लांब पानं. ओसरीवर सतरंजी टाकून बसायचा, आजोबा नवीन टोपी घालून समोर. आधी मूळ गाव कोणतं, तिथून कोण निघालं, कुठे वस्ती केली, आणि मग नावामागून नाव, गाण्यासारख्या चालीत. शेवटी मागच्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं ते विचारून लिहून घ्यायचा, आणि त्याची दक्षिणा. पैसे दिले नाहीत तर तुमचं पोर वहीत नाही. विनोद नाही करत.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. वाचता वाचता तो म्हणाला, अमक्याला तीन मुलगे, आणि तिसरं नाव घेतलं. ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "पुढे वाचा." भाट थांबला, आजोबांकडे बघितलं, बोट दोन ओळी खाली सरकवलं आणि पुढे वाचायला लागला. आजीने आतून चहाची कपबशी जरा जोरातच खाली ठेवली. नंतर मामाला विचारलं तर म्हणाला, बऱ्हाणपूरला गेला तो, तिकडचाच झाला. यापलीकडे आजवर कळलेलं नाही.

तुमच्या जगात बार्ड, म्हणजे गाणारं पात्र, असेलच ना कोणी? तो उगाच पोवाडे गात हिंडण्यापेक्षा त्याच्याकडे सोनकीच्या घराण्याची वही द्या. आणि त्याचं बोट दोन ओळी खाली सरकू द्या.

गिरणाकाठ
बोट दोन ओळी खाली! ताई, माझ्या शिलालेखापेक्षा हे सरस आहे.

पाटचारी
आमचा बार्ड माझा मामेभाऊच आहे (कृषी केंद्रवाला). त्याला सांगितलं, तर म्हणतो दक्षिणा किती.

मेहरूणची बोर
यावलताईंचं वाचून मलाही आमची गोष्ट आठवली. लांबेल, पण लिहितेच.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसते. नारळाला डोळे, नथ, टिकली, डोक्यावर पदर. तिच्या रोटांसाठी गहू मोजून घ्यायचे असतात. मोजायचे कसे, तर घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. ते रोट भाऊबंदकीनेच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणजे कुळात कोण आहे आणि कोण नाही, याची दरवर्षी सुपात मोजदाद होते. भाटाची वही पुरुषांच्या हातात, पण ही मोजदाद बायकांच्या हातात.

माझे मधले काका सुरतेला मागावर कामाला गेले ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, फोन नाही. आजी मोजताना नावं मोठ्याने घ्यायची. काकांचं नाव आलं की आवाज खाली जायचा, पण मूठ पुरती भरायची. वर सव्वाचा पाव हिस्साही न विसरता. बारा वर्षं. मग आजी गेली. त्या श्रावणात आईने सूप पुढ्यात घेतलं तेव्हा मी बघत होते, आता काय करते. तिने काकांची मूठ टाकली. नंतर विचारलं तर म्हणाली, "बंद कर असं सासूबाईंनी सांगितलं नव्हतं."

पाटचारी, सोनकीच्या भावाला मारू नका. बेपत्ता करा. आणि तिच्या आईच्या हातात सूप द्या.

आणि हो, मुलींच्या नावाची मूठ नसते. मी लहानपणी विचारलं होतं, माझी कुठेय? आजी म्हणाली, तुझी तुझ्या सासरी. सासरी आल्यावर कळलं, इथे पण नवऱ्याचीच.

आजोळ यावल
शेवटचं वाक्य 🙏

केळीचं पान
आमच्याकडे आता पोरींच्या नावाची पण टाकतात, आईने सुरू केलं. भाऊबंदांनी कुरबुर केली, मग रोट खाऊन गेले.

सातघडी
मी तो लाल पेनवाला. पाटचारीने लिंक पाठवली म्हणून आलो, कानबाईच्या पोस्टपर्यंत वाचलं आणि थांबलो. यापुढचं मला टेबलावर ऐकू दे.

भाऊ बेपत्ता, मंजूर. तो कुठे आहे ते मी ठरवणार, पाटचारी, तू विचारायचं नाही. आत्या कोणत्या गावात आहे तेही माझ्याकडे. सोनकी आऊटलँडर (म्हणजे रानात वाढलेली, ही खेळातली एक पार्श्वभूमी) असल्यामुळे तुला रोज स्वतःचं आणि आणखी पाच जणांचं अन्नपाणी शोधता येतं, हे मी आजवर नुसतं नियम म्हणून बघत होतो. आता विचारतो, हे तिला शिकवलं कोणी? आत्यानेच ना? मग रानात दर वेळी कंद खणताना ती आठवणार. लिहून ठेव.

मेहरूणताई, सूप मी वापरतोय. चालेल ना?

मेहरूणची बोर
वापरा. फक्त आईला रडकी करू नका. आमची आजी कधी रडली नाही, तिची मोजायची गती तेवढी बदलायची.

पाटचारी
काल रात्री खेळलो. सांगतो.

सोनकी दोन वर्षांनी घाटावर परत आली. श्रावण, पाऊस, सोबत चार उपटसुंभ. पहिली भेट वाटेवरच्या एका डोकरीशी. डीएमने ती अहिराणीत केली : "कोनी पोर शे व तू?" मी बापाचं नाव सांगितलं. डोकरी म्हणाली, "माले माहीत शे. तुना तोंडतीन ऐकनं व्हतं." बस, तिथेच माझी निम्मी हवा गेली.

बाप ओट्यावर होता. बोलला नाही. बाकीच्यांना "या, बसा" म्हणाला, माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याचं पात्र) मध्ये पडून समेट करायचा प्रयत्न केला, फासा टाकला, १८ आला. डीएम म्हणाला, "तो तुझं सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि तुला चहा देतो." संपलं.

मग आत आई, पुढ्यात सूप. डीएमने नावं एकेक करून घेतली. बाप, धाकटे काका, काकांची पोरं. घाईने, भाजीचा हिशोब करावा तशी. एक नाव अगदी खालच्या आवाजात, मला धड ऐकू आलं नाही. मी म्हटलं, सोनकीला काही कळलं का? फासा टाकला : ३. शहाणपणाचे दोन धरून पाच. डीएम म्हणाला, "सूप भरलंय, एवढं दिसतं."

तेवढ्यात मामेभाऊ, जो रात्रभर शेंगा खात गप्प होता, म्हणाला, माझा बार्ड दारात उभा आहे, मी मोजतो. १९ आला. डीएमने त्याच्याकडे बघून सांगितलं, "वहीत आठ पुरुष. सुपात नऊ मुठी." माडीवर कोणी काही बोललं नाही. खाली रस्त्यावरून बारात गेली, डीजे लावून, ती जाईपर्यंत सगळे तसेच बसून.

मग मी म्हटलं, सोनकी पोत्यात हात घालते, एक मूठ घेते आणि सुपात टाकते. स्वतःच्या नावाची. डीएमने फासा मागितला नाही.

आजोळ यावल
आई काय म्हणाली??

पाटचारी
तिथेच थांबवलं त्याने. खाली शटर वाजलं, मामा आले होते, साडेबारा झाले म्हणून बडबडत. पुढच्या शनिवारी आखाजी (अक्षय्य तृतीया), मामेभाऊ पत्त्यांना बसणार, म्हणजे खेळ नाही. त्यानंतरच्या शनिवारी कळेल.

मेहरूणची बोर
सव्वा टाकायची होती हो. नुसती मूठ नाही.

सातघडी
आई तेच म्हणणार आहे.